पायातला पट्टा

परवा संध्याकाळी फ्रीगंजमधल्या आमच्या शेजारच्या वहिनी प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आल्या. मागे त्यांचा मुलगा, मान खाली घातलेला. "ताई, हे कॉलेज खरं आहे ना, तेवढं बघून द्या. घर गहाण टाकायचंय." आत एका अमेरिकन विद्यापीठाचा आय-ट्वेंटी होता. हा कागद असल्याशिवाय विद्यार्थ्याला व्हिसा मिळत नाही. मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं. मला ट्राय-व्हॅली आठवलं.

जानेवारी 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावच्या या विद्यापीठावर छापा पडला. हजारावर विद्यार्थी, बहुतेक भारतातले, त्यातही तेलुगू मुलं जास्त. फी भरली की आय-ट्वेंटी हातात, वर्गात बसायची गरज नाही. सरकारी नोंदीत निम्म्याहून अधिक मुलांचा पत्ता एकच, सनीव्हेलमधला एक फ्लॅट! संस्थापक सुझन सू हिला 2014 साली 198 महिन्यांची, म्हणजे साडेसोळा वर्षांची कैद झाली. मला ती जास्त वाटत नाही.

पण त्याच्या तीन वर्षं आधीच काही मुलांच्या घोट्याला पट्टे बांधले गेले होते. चोवीस तास ठावठिकाणा कळवणारं यंत्र. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी निषेध केला. काही मुलांना सगळं ठाऊक होतं, नोकरी करता येते म्हणून ती गप्प राहिली, हे खरंच. तरी कागद विकणाऱ्याआधी विकत घेणाऱ्याच्या पायात पट्टा पडावा, हे मला आजही पटत नाही.

आणि आपल्याकडे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956च्या कायद्यात, बनावट विद्यापीठ थाटून पदव्या वाटणाऱ्याला कलम 24 खाली दंड आहे जास्तीत जास्त 1000 रुपये. फसवणुकीचा गुन्हा वेगळा लागतो, पण त्यासाठी कुणीतरी पोलिसांत जायला हवं. फसलेलं घर लाजेपोटी दारं लावून घेतं. संस्थाचालकाला तुरुंगाची धास्ती वाटेल असं कलम त्या कायद्यातच हवं.

मान्यताप्राप्त संस्थांच्या अमेरिकन सरकारी यादीत मी नाव शोधलं. सापडलं. वहिनींचा चेहरा खुलला. मग सांगावंच लागलं, की ट्राय-व्हॅलीलाही सरकारी मान्यता होतीच, खोटी माहिती देऊन मिळवलेली. वर्ग कुठे भरतात, पदवीला मान्यता कुणाची, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी थेट बोललात का, असं एकेक विचारत गेले. मुलगा म्हणाला, "मावशी, हे सगळं एजंटलाच माहीत."

वहिनींनी फोल्डर पिशवीत सरकवलं. घराचे कागदही त्याच पिशवीत होते.