तार्शीशचे भाडे



योनाची गोष्ट मुलांना सांगताना आपला सगळा वेळ मोठ्या माशावर जातो. त्याआधीच्या एका साध्या तपशिलाकडे फारसे कोणी पाहत नाही. देवाने योनाला निनवेला जायला सांगितले. तो उलट दिशेने याफो बंदरात गेला, तार्शीशला निघालेले जहाज त्याने शोधले, भाडे भरले आणि जहाजात चढला (योना १:३). भाडे भरल्याची नोंद पवित्र शास्त्रात मुद्दाम आहे. पळून जाणे कधीच फुकट नसते, हे आपल्याला त्यातून समजावे, असे आम्हांला वाटते.

आज आपले तार्शीश खिशातच असते. रात्रीचे जेवण झाले की मोबाइल हातात येतो. एक रील संपून दुसरी सुरू होते आणि साडेनऊचे साडेअकरा कधी झाले ते कळत नाही. कोणाचे तार्शीश मालिकेत असते, कोणाचे क्रिकेटच्या सामन्यात, कोणाचे ‘आज थोडीशीच’ म्हणून घेतलेल्या दारूत. घरी लवकर जायला नको म्हणून ओव्हरटाइम मागून घेणारेही आपल्यात आहेत.

पण यावरून प्रत्येक करमणुकीला पाप ठरवायला आम्ही तयार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत दिवसभर भट्टीजवळ राबून आलेल्या माणसाने तासभर सामना पाहिला, किंवा पहाटे पाचपासून उभी असलेल्या आईने अर्धा तास मालिका पाहिली, तर ते पळणे नव्हे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देव त्याला रागावला नाही. आधी त्याला झोपू दिले, दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. तू इथे काय करतोस, हा प्रश्न पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर आला. जो खरोखर थकला आहे, ज्याचे मन खचले आहे, त्याला आधी भाकर हवी, विश्रांती हवी, गरज पडली तर डॉक्टर हवा. उपदेश नंतर.

मग विश्रांती कोणती आणि पळणे कोणते, हे ओळखायचे कसे? शास्त्रात वादळातल्या दोन झोपा आहेत. योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. प्रभू येशूही होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता (मार्क ४:३८). बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही झोपा सारख्याच. फरक होडीच्या दिशेत आहे. येशूची होडी पलीकडच्या किनाऱ्याकडे, कबरांमध्ये राहणाऱ्या एका भूतग्रस्त माणसाकडे चालली होती. योनाचे जहाज निनवेच्या माणसांपासून दूर चालले होते. ज्या विसाव्यानंतर आपण आपल्या माणसांकडे परत जातो, ती विश्रांती. ज्या विसाव्यात कोणीतरी आपल्याला दिसूच नये अशी सोय असते, ते पळणे.

त्या सोयीची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. योनाने भाडे स्वतः भरले खरे, पण वादळ आल्यावर खलाशांनी आपला माल समुद्रात टाकला. त्यांचा काहीच दोष नव्हता. आपल्या घरांतही असेच होते. नवरा मोबाइलमध्ये बुडालेला असतो आणि मुलाच्या शाळेची फी, सासूबाईंचे औषध, सोसायटीचा थकलेला हप्ता यांचा हिशोब बायको एकटीच करत बसते. कुठे आई रात्रभर फोनवर असते आणि दहावीतली मुलगी मनातली गोष्ट मनातच ठेवून झोपी जाते. आपण तळाशी झोपलेलो असतो आणि वर आपलीच माणसे एकेक वस्तू पाण्यात टाकत असतात.

आता एक बोचणारी गोष्ट लिहितो. ती आपल्यासारख्या चर्चमध्ये सेवा करणाऱ्यांना लागू आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिउस या तपस्व्याने ‘मध्यान्हीच्या सैताना’बद्दल लिहून ठेवले आहे. ऐन दुपारी संन्याशाला आपली खोली नकोशी होते. तो पुन्हापुन्हा सूर्याकडे पाहतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते मोजतो, दुसरीकडे कुठे बरे वाटेल याची स्वप्ने रंगवतो. त्याच परंपरेतला जॉन कॅसियन पुढे सांगतो की अशा वेळी संन्याशाला अचानक आजाऱ्यांची भेट घेण्यासारखी पुण्याची कामे आठवतात. म्हणजे भक्तीचेही तार्शीश होऊ शकते. नोव्हेना, गायकवृंदाचा सराव, फेस्ताची कमिटी, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याची यात्रा, हे सारे चांगलेच आहे. पण घरी भावाशी जमिनीवरून अबोला आहे आणि तो मिटवायला नको म्हणून आपण रोज संध्याकाळी चर्चमध्ये असू, तर ही सेवा कोणाची? येशूने तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे.

उपाय मोबाइल फेकून देण्यात नाही. तार्शीशला जायला दुसरे जहाज मिळतेच. म्हणून आधी आपले निनवे ओळखावे. या आठवड्यात एका कागदावर एकच ओळ लिहा: मी कोणाला, कोणत्या गोष्टीला टाळतो आहे? नाव लिहा. योनाने जहाजावर निदान एवढे केले. आपण देवापासून पळतो आहोत, हे त्याने खलाशांना सांगून टाकले. आपणही ते प्रायश्चित्त संस्कारात फादरांना आणि घरी त्या माणसाला सांगू शकतो. मग त्या एका गोष्टीसाठी रोज पंधरा मिनिटे द्या. विश्रांती त्यानंतर घ्या. ती गोड लागेल.

आणि घरात कोणी तळाशी झोपलेले असेल तर त्याच्यावर ओरडू नका. तांडेलाने खाली जाऊन योनाला उठवले, प्रार्थना कर म्हणाला. तेवढेच आपणही करावे: खाली जावे, उठवावे, सोबत प्रार्थनेला बसावे.

पळून गेलेल्या योनाकडे देवाचे वचन दुसऱ्यांदा आले. निनवे तेच होते आणि माणूसही तोच. आपल्याकडेही ते येते, बहुतेक वेळा घरातल्याच कोणाच्या तरी हाकेतून.

हे प्रभू येशू, आम्हांला खरी विश्रांती दे, आणि ज्यांच्यापासून आम्ही तोंड फिरवले आहे त्यांच्याकडे परत जाण्याचे धैर्य दे. आमेन.