बागेचे दार वस्तीलाही उघडे हवे

नर्स म्हणून काम करताना आम्ही रोज एक तपासणी करायचो. समोरच्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. आत लाली नसायची. चक्कर, धाप, पायात गोळे, तक्रारी ठरलेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. आम्ही सांगायचो, "पालेभाजी खा." उत्तर यायचे, "ताई, जुडी केवढ्याला झालीय माहीत आहे का?"

सल्ला देणे सोपे होते. आज आमचे मत असे आहे की भाजी खा म्हणण्याबरोबर ती पिकवायलाही शिकवले पाहिजे, आणि हे शिकवणे सरकारी बागांचे काम आहे.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली. आपण तिथे मुलांना वाघ आणि पेंग्विन दाखवायला जातो. पण ती वनस्पती उद्यानही आहे. हिवाळ्यात तिथे मुंबई महापालिकेचे फुला-फळा-भाज्यांचे प्रदर्शन भरते, बागकामाच्या कार्यशाळा होतात. मात्र २०१७मध्ये प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. भाईंदरहून दादरला गाडी बदलून जायचे, वर रोजंदारी बुडवायची, हे कोणाला जमणार?

आम्ही वस्तीतल्या सातजणी एकदा एका सार्वजनिक बागेतल्या वर्गाला गेलो. शिकवणे चांगले होते; पण सगळे बाल्कनी आणि गच्ची असणाऱ्यांसाठी. आमच्याकडे आहे दारातली दोन हात जागा. बाहेर त्याच बागेत कंत्राटी माळी खत मिसळत होते. त्यातल्या एका मावशींनी दहा मिनिटांत आम्हाला जे दाखवले, ते वर्गात कळले नव्हते. ज्यांच्या हातात विद्या आहे, त्यांना शिक्षकाचा मान आणि मानधन का नको?

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे आचार्यांनी सांगितले. तक्षशिलेभोवती योजनभर फिरून तो रिकाम्या हाताने परतला. तशी वनस्पतीच सापडली नाही. तो सात वर्षे शिकला, पायी फिरून, बघून. तेच शिक्षण आपल्या लेकरांना हवे.

म्हणून मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे आमच्या तीन मागण्या आहेत. शहरातल्या उद्यानांत महिन्यातून एक रविवार मोफत बागकामवर्ग, मराठीत आणि हिंदीत. शिकवायला तिथलेच माळी, मानधनासह. आणि उद्यानांच्या पालापाचोळ्याचे खत वस्त्यांना फुकट. आपल्या खाडीकाठची जमीन खारी. चांगली माती-खत मिळाल्याशिवाय डब्यात काही उगवणार नाही.

तोवर एवढे करा. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडा. रंगाचा किंवा रसायनाचा डबा घेऊ नका. गटाराकाठची माती आणि गटाराचे पाणी वापरू नका. चार-पाच तास ऊन येत असेल तर मेथी आणि माठ लावा. महिन्याभरात खुडता येतात. ऊन कमी असेल तर पुदिना, अळू. वस्तीत कुठे मोकळी जागा असेल तर शेवग्याची फांदी रोवा. त्याचा पाला भाजीला उत्तम. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा नको. डब्याखालची ताटली आठवड्यातून एकदा पुसून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतील.

आणि स्पष्ट सांगतो, डबाभर मेथीने रक्तक्षय बरा होत नाही. तपासणी करा, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

वर्षावासात आपण संध्याकाळी विहारात जमतोच. पाऊस असतो, लावणीचे दिवस असतात. या आषाढ पौर्णिमेला प्रत्येक घराने एक डबा आणि मागणीच्या अर्जावर एक सही आणावी. डबे विहाराच्या अंगणात भरू, अर्ज महापालिकेत आम्ही घेऊन जाऊ. पण आमच्याबरोबर वस्तीतल्या निदान पन्नासजणी हव्यात.