अंगणवाडी ही आधी शाळा आहे

अंगणवाडी म्हटलं की आपल्याला वजनकाटा, खिचडी आणि नोंदवह्या आठवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र ती शिकवण्यासाठी सुरू केली होती.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाईंच्या कामात सामील झाल्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंना कळत होतं, की माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला पेलणार नाहीत. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईच वस्तीत गेल्या. अंगणातच मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, गाणी म्हटली. त्यातून अंगणवाडी उभी राहिली.

पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेलं. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती, तरी तिथल्या पोरांपर्यंत शाळा पोचली नव्हती. ‘आदिवासींना शिक्षणाची गोडीच नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी पोरांचा दिवस कसा जातो ते पाहिलं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी केली. मुलगे गुरांमागे जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत सोडलं नाही.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेनं अंगणवाडी देशभर नेली. पोषण आणि लसीकरणाचं तिचं काम मोलाचंच आहे. पण शिकवणं मागे पडलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वर्षांचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरला. तो पाया रचणारी सेविका मात्र अजून मानधनावरच राबते आहे.

तिला शिक्षिकेचा दर्जा, वेतन आणि पक्कं प्रशिक्षण द्या. नोंदींचा भार दुसऱ्या कुणावर सोपवा आणि तिचा वेळ मुलांना मिळू द्या. अनुताईंच्या नावानं पुरस्कार आणि भाषणं पुष्कळ होतात; त्यांचं ऋण फेडायचं तर सुरुवात सेविकेच्या पगारापासून करावी लागेल.