जुईच्या नावात मधोमध कोण?



आज विषय जरा वेगळा आहे. निबंधाचा नाही, व्याकरणाचाही नाही. पण थोडंफार व्याकरण त्यात येणारच. विषय आहे मुलीच्या नावाचा. त्यातही पहिल्या नावाचा नाही, मधल्या नावाचा.

अलीकडे हजेरीपट उघडला की बाग फुलल्यासारखं वाटतं. जाई, जुई, सायली, शमी, दूर्वा, अबोली, केतकी. छोटी, गोड, हाक मारायला सोपी नावं. या नावांत एक गंमत आहे, ती वर्गात जरूर सांगा. मराठीत जाई, जुई, शेवंती, अबोली ही फुलं 'ती' आहेत, म्हणून ती सरळ मुलींची नावं झाली. मोगरा, चाफा, झेंडू हे 'तो' आहेत, म्हणून मुलीचं नाव 'मोगरा' सहसा कुणी ठेवत नाही. निशिगंधसुद्धा 'तो'च, पण शेवटी एक काना दिला आणि निशिगंधा झाली! लिंगविचार शिकवायला यापेक्षा सुगंधी उदाहरण कुठलं?

असं दोन अक्षरी नाव शोधायला आईबाबा नऊ महिने घालवतात. पुस्तकं चाळतात, आजीला विचारतात, मामाला फोन करतात. आणि मधलं नाव? त्याचा विचारच होत नाही, कारण ते आपोआप येतं. बाबांचं नाव आणि मग आडनाव, झालं पूर्ण नाव.

आपल्याकडे गणित उलटं आहे

काही देशांत मुलीला मधलं नावही हौसेनं निवडून देतात. आपल्या महाराष्ट्रात मधलं नाव आधीच ठरलेलं असतं. पहिलं नाव त्याला जुळवून घ्यायचं असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की बारशाआधी पूर्ण नाव मोठ्यानं म्हणून बघा. एकदा नाही, दहादा. हजेरी घेताना बाई म्हणतील तसं, भरभर.

जुई घ्या. 'जु' ऱ्हस्व, 'ई' दीर्घ; सगळ्या मिळून तीन मात्रा. म्हणता म्हणता संपणारं नाव. त्यापुढे 'अनिल' आलं की भरभर म्हणताना काय होतं? 'जुयनिल'. प्रीती आणि अर्थ मिळून प्रीत्यर्थ होतो ना, तसंच. पुढे 'ईश्वर' आलं तर दोन 'ई' एकमेकींत मिसळून 'जुईश्वर' होतं! संधी फक्त पुस्तकात नसते, हजेरीतही असते. उलट पुढचं नाव व्यंजनानं सुरू होणारं असेल, तर छोटं नाव सुटं आणि स्वच्छ ऐकू येतं. 'जुई सुनंदा', 'शमी मनोहर', 'दूर्वा प्रकाश' म्हणून बघा. पहिलं नाव आखूड असेल तर पुढचं तीनचार अक्षरी शोभून दिसतं. अर्थात बाबांचं नाव अनिल आहे म्हणून जुई ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. आवडलं तर खुशाल ठेवा. फक्त कान उघडे ठेवून ठेवा, एवढंच.

आता मध्ये आईसुद्धा आहे

इथपर्यंत गोष्ट हौसेची होती. आता महत्त्वाची. महाराष्ट्र शासनाच्या मंत्रिमंडळानं मार्च 2024 मध्ये निर्णय घेतला, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांत या क्रमानं लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे जुईच्या शेजारी आता आधी आई बसणार, मग बाबा. शाळेच्या कागदांतही हाच क्रम.

ही मुलं पहिलीच्या वर्गात 2030 च्या जूनमध्ये येतील, पण अंगणवाडीत त्याआधीच येतील. आपल्याला अजून वेळ आहे असं वाटेल. पण पालकांकडे तो नाही, कारण नाव आज लिहिलं जातंय.

काही जण विचारतात, "एवढं लांब नाव कशाला? चौकटीत तरी बसेल का?" काही म्हणतात, "आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर असतंच की." हो, असतं. पण ते वेगळ्या रकान्यात. नावाच्या आत आणि नावाच्या खाली यांत फरक आहे. मुलीच्या वह्या भरल्या का हे रात्री बघणारी आई, पालकसभेला रजा टाकून येणारी आई, तापात उशाशी बसणारी आई. तिचं नाव रकान्यात नको, हाकेत हवं.

आणि ही काही परदेशातून आलेली टूम नाही. याच मातीतला राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या नावात आई आहे. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. त्याच्याही नावात आई आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आजही दगडात कोरलेला आहे. सहल नाशिकला गेली तर मुलांना तो नक्की दाखवा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी राजाला आईचं नाव लावण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

पण आईचं कोणतं नाव?

इथे खरी अडचण येते. आपल्याकडे अजूनही काही घरांत लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची लता सासरची वैशाली होते. शाळेच्या दाखल्यावर लता, लग्नपत्रिकेत वैशाली, आधार कार्डावर कधी हे तर कधी ते. मग जुईच्या नावात कोणती आई लिहायची?

माझं मत स्पष्ट आहे. आईच्या स्वतःच्या कागदपत्रांवर जे नाव आहे, तेच अक्षरशः तसंच लिहा. हे ठरवण्याचा पहिला हक्क आईचा, सासूबाईंचा नाही आणि नोंदवहीत लिहिणाऱ्याचाही नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ती रीत आहे. आईची दोन नावं असतील तर बाळाच्या नोंदणीआधी तिची कागदं एका नावावर आणा. नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर मुलीला सांगावं लागेल, की लता आणि वैशाली एकच.

आणखी एक विचार आपण शिक्षकांनी करायलाच हवा. वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी नावातली सगळी माणसं असतातच असं नाही. कुणाला बाबा नाहीत, कुणाची आई घर सोडून गेलेली असते, कुणी आजीकडे वाढतं. सगळ्या वर्गासमोर "तुझ्या आईचं नाव काय गं? इथे का नाही लिहिलं?" असं विचारू नका. पालकांशी एकट्यानं बोला. नाव ही माहिती असते, पण कधी कधी ती जखमही असते.

नोंद करताना एवढं लक्षात ठेवा

1. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव तेव्हा ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंबशुल्क भरावं लागतं.

2. ऱ्हस्व-दीर्घ तपासा. 'जुई'ची 'जूई' आणि 'दूर्वा'ची 'दुर्वा' व्हायला एक क्षण पुरतो, दुरुस्तीला मात्र महिने जातात.

3. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. जुई हे नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं. शेवटच्या 'ई'साठी एक अक्षर की दोन, हे जन्मदाखल्यावरच पक्कं करा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

4. शाळेत दाखल करताना तोंडी नाव सांगू नका. दाखला समोर ठेवा आणि रजिस्टरमध्ये त्याबरहुकूम उतरवलंय ना, ते स्वतः वाचा.

5. शिक्षकहो, दहावीचे अर्ज भरताना नाव सुधारायची धावपळ आपण दरवर्षी बघतो. ती पहिलीतच टाळता येते.

शेवटी मनातलं

शासनाच्या याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावाची जुनी पद्धत चालू ठेवली आहे: तिचं नाव, मग पतीचं नाव, मग आडनाव. म्हणजे ज्या जुईच्या नावात आज आई मानानं बसली, ती जुई लग्न झाल्यावर आईला नावातून उठवणार का? माझ्या मते तिला तसं करायची गरज नाही. पण तो निर्णय तिचा. आपण एवढंच करू शकतो, की नाव ही आपली गोष्ट आहे, ती कुणी आपल्यासाठी परस्पर बदलत नाही, हे तिला लहानपणीच कळावं.

म्हणून पालकहो, छोटंसं फुलाचं नाव जरूर ठेवा. पण मधली जागा रिकामी समजून भरून टाकू नका. ती मुलीच्या माणसांची जागा आहे. आणि शिक्षक मित्रांनो, नवीन वर्षात पहिल्या दिवशी हजेरी घेताना निदान एकदा पूर्ण नाव वाचा. आईचं नाव ऐकल्यावर मुलीचा चेहरा कसा होतो, ते बघा. "हजर!" थोडं मोठ्यानं ऐकू येईल.