‘मी ठीक आहे’ या उत्तरानंतर

दूरदेशी वादळ होते. दोन-तीन दिवस आप्तांचा फोन लागत नाही. मग एके संध्याकाळी तो लागतो, पलीकडून ‘मी ठीक आहे’ एवढेच शब्द ऐकू येतात आणि आपला जीव भांड्यात पडतो. या तीन शब्दांवर विसंबून मी एकदा मोठी चूक केली. चाळीस वर्षे रुग्णांना प्रश्न विचारण्याचाच व्यवसाय केल्यावर हातून घडलेली ती चूक होती. ती सावरली एका मोटारवेड्या वृद्ध गृहस्थांनी. त्यांनी विचारलेले प्रश्न आपल्यापैकी कोणालाही विचारता येतील असे आहेत, म्हणून ती हकिगत आज सांगते.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानाचा मोठा झाला. यंत्रांचे वेड त्याला तिथेच लागले. १९७० च्या दशकात तो अमेरिकेत गेला, डेट्रॉइटला मोटारींच्या उद्योगात रमला आणि निवृत्तीनंतर तिथल्या थंडीला कंटाळून वहिनींसह फ्लोरिडातील फोर्ट मायर्स या गावी स्थायिक झाला. गाव मोटारवेड्याला साजेसेच आहे. थॉमस एडिसनचे हिवाळी घर तेथे होते आणि त्याच्या स्नेहापोटी हेन्री फोर्डने १९१६ मध्ये शेजारचेच घर विकत घेतले. ती दोन्ही घरे आज संग्रहालय म्हणून पाहायला मिळतात. दादाजवळ १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. वहिनी गेल्यानंतर त्या गाडीनेच त्याला माणसांत ठेवले.

तेथे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे एक छोटे मंडळ आहे. बहुतेक सभासद सत्तरी ओलांडलेले. शनिवारी सकाळी एखाद्या मैदानात गाड्या ओळीने उभ्या करायच्या, बॉनेट उघडायचे आणि कॉफी पीत तासन्‌तास बोलायचे, हा त्यांचा कार्यक्रम. वादळांच्या मोसमासाठी मात्र या मंडळाची एक शिस्त आहे. प्रत्येक सभासदाकडे दोन नावे दिलेली असतात. वादळापूर्वी त्या दोघांना फोन करून गाडी कुठे हलवली ते विचारायचे. बहुमजली वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर गाडी नेण्याची तेथे रीतच आहे. वादळानंतर त्याच दोघांना पुन्हा फोन करायचा. फोन न लागल्यास शक्य होताच स्वतः जाऊन पाहायचे. मूळ हेतू गाड्यांची काळजी घेण्याचा. पण गाडीची चौकशी करता करता माणसाचीही चौकशी होते.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी ‘इयन’ हे चक्रीवादळ फोर्ट मायर्सच्या वायव्येस कायो कोस्टा या बेटावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. वाऱ्यापेक्षाही घातक ठरले ते समुद्राचे उधाण. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून दहा ते पंधरा फूट पाणी चढले. सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ता ठिकठिकाणी तुटला, वीस लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले आणि या वादळाने प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दीडशेहून अधिक बळी घेतले. दादाचे घर किनाऱ्यापासून आत असल्याने वाचले. गॅरेजमध्ये पाणी शिरले, पण घर दोन पायऱ्या उंच असल्याने ते आत आले नाही. ‘माझ्या गॅरेजात पाणी येत नाही’ या हट्टापायी त्याने मस्टँग हलवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी, आपल्याकडची संध्याकाळ आणि त्याच्याकडची सकाळ असताना, त्याचा फोन लागला.

“मी ठीक आहे,” दादा म्हणाला. “वीज नाही, पण जनरेटर आहे. फ्रिज चालू आहे, फोनही त्याच्यावरच चार्ज केला. फक्त डोकं दुखतंय कालपासून. जरा मळमळतंही.”

“झोप झाली नसेल. पाणी पी भरपूर. ऑक्सिमीटर आहे ना जवळ? बोटाला लावून बघ,” मी म्हणाले.

“सत्त्याण्णव.”

आकडा ऐकून माझे समाधान झाले. थोडी विश्रांती घे, असे सांगून मी फोन ठेवला आणि घरात सर्वांना सांगून टाकले की दादा सुखरूप आहे.

तासाभरात त्याला मंडळातील त्याच्या मित्राचा फोन आला. हे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, जन्मभर मेकॅनिकचे काम केलेले. तब्येतीची चौकशी त्यांनी केलीच नाही. पहिला प्रश्न होता, पाणी कुठवर आले? अर्ध्या चाकापर्यंत, दादाने सांगितले. किल्ली फिरवलीस का? नाही. बॅटरीची तार काढलीस का? हो. मग, फोन कशावर चार्ज केलास? जनरेटरवर. जनरेटर कुठे ठेवला आहेस? गॅरेजमध्ये. गॅरेजचे दार? अर्धे उघडे आहे. आणि डोके दुखते आहे का?

या प्रश्नानंतर त्यांनी दादाला एकच गोष्ट सांगितली. आत्ता, फोन हातात धरूनच, घराबाहेर ये आणि परत आत जाऊ नकोस. ते स्वतः वाटेतली पडलेली झाडे चुकवीत येऊन पोहोचले, त्यांनी नाका-तोंडावर ओला रुमाल वगैरे बांधून आत शिरण्याचे धाडस न करता आपत्कालीन सेवेला बोलावले. दादाला रुग्णालयात काही तास ऑक्सिजन द्यावा लागला. त्या रात्रीही जनरेटर तसाच चालू ठेवून दादा झोपला असता, तर सकाळी तो उठला असता असे मी म्हणू शकत नाही.

घडले ते असे. इंधन जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरू लागते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. म्हणजे वादळानंतर दमलेल्या कोणाही वृद्धाची असावीत अशीच. आणि ज्या ऑक्सिमीटरवर मी भरवसा ठेवला, ते घरगुती उपकरण या वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच समजते. आकडा छान दिसतो आणि माणूस बुडत असतो. हे मी शिकले होते, शिकवलेही होते. तरी त्या संध्याकाळी मला ते आठवले नाही, कारण ‘जनरेटर कुठे आहे’ हे मी विचारलेच नाही. मेकॅनिकला ते सुचले, कारण बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे काय हे त्याला पोटापाण्याच्या व्यवसायानेच शिकवले होते.

वादळ गेले म्हणजे धोका गेला, हा समज वृद्धांच्या बाबतीत फार महाग पडतो. २००५ च्या कट्रिना वादळात लुइझियानात मृत्यू पावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तर वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील एका शुश्रूषागृहाचे वातानुकूलन बंद पडले आणि उष्म्याने बारा वृद्ध दगावले. त्याच वर्षीच्या मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत सहा महिन्यांत २,९७५ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडला. २०२० च्या लॉरा वादळानंतर लुइझियानात बऱ्याच जणांचा बळी जनरेटरच्या वायूनेच घेतला. खुद्द इयननंतर ली काउंटीत खाऱ्या पाण्यातील विब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचा जखमांवाटे होणारा संसर्ग वाढला. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांना तो प्राणघातक ठरू शकतो. वाऱ्याने पाडलेल्या छपरांच्या बातम्या होतात. औषध संपले, उकाडा सोसला नाही, ओले गालिचे ओढताना छातीत कळ आली, यांच्या बातम्या होत नाहीत.

आपण वडीलधाऱ्यांना ‘कसे आहात’ असे विचारतो. मुलांना चिंता नको म्हणून ते ‘ठीक आहे’ म्हणतात. हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. मोटारवेडी माणसे एकमेकांना असा मोघम प्रश्न विचारत नाहीत. पाणी चाकापर्यंत आले की आसनापर्यंत, यावर गाडीचे भवितव्य ठरते, म्हणून उत्तरही नेमके यावे लागते. शिवाय गाडीविषयी बोलताना कोणाला कमीपणा वाटत नाही. ‘मला मदत हवी’ असे दादा कधीच म्हणाला नसता. पण जनरेटर कुठे आहे, हे सांगताना त्याला काही लपवावेसे वाटले नाही.

म्हणून वादळ, पूर किंवा दीर्घकाळ वीज जाणे अशा प्रसंगी घरातील वृद्धांना विचारावयाचे काही नेमके प्रश्न येथे देते.

१. जनरेटर कुठे ठेवला आहे? तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर हवा. दार उघडे ठेवले तरी गॅरेजमध्ये चालणार नाही. फोन चार्ज करण्यासाठी किंवा गारव्यासाठी गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसणेही तितकेच घातक.

२. डोके दुखते का, मळमळते का, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते का? घरातील दोघांनाही एकाच वेळी तसे होत असेल तर आधी बाहेर पडावे, मग कारण शोधावे.

३. औषधे किती दिवस पुरतील? ‘आहेत’ हे उत्तर घेऊ नये. गोळ्या मोजून आकडा सांगायला लावावे.

४. इन्सुलिन कुठे आहे? फ्रिज उघडला नाही तर वीज गेल्यावर साधारण चार तास थंडावा टिकतो. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. आपल्या औषधाविषयी मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

५. विजेवर चालणारे काही उपकरण लागते का? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असल्यास पर्यायी सिलिंडर कुठून येणार, हे आधी ठरलेले असावे.

६. हातापायाला कुठे खरचटले आहे का? जखम असताना पुराच्या पाण्यात उतरू नये. जखम लाल होऊन झपाट्याने सुजू लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

७. आज काय उचलले, काय ओढले? साफसफाई तरुणांची वाट पाहू शकते.

८. गाडी पाण्यात होती का? बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. विद्युत गाडी खाऱ्या पाण्यात भिजली असेल तर ती घरापासून किमान पंधरा मीटर दूर हलवून घ्यावी. इयननंतर अशा काही गाड्यांनी काही दिवस उलटल्यावर पेट घेतला होता.

हे प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. पहिल्या आठवड्यात शेजारी, स्वयंसेवक, नातलग सगळेच धावतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोन कमी होतात आणि एकट्या माणसाला भिंतीवरचा ओलावा दिसू लागतो. झोप उडणे, जेवण टाळणे, तेच तेच बोलणे ही लक्षणे तेव्हा दिसू लागतात. दादाच्या मंडळात सहा आठवडे दर शनिवारी फोन करण्याचा नेम आहे.

हे सारे फक्त फ्लोरिडापुरते नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील कितीतरी गावे अनेक दिवस वीज आणि फोनवाचून राहिली. त्या घरांतही एकटे आजी-आजोबा होते आणि मुले मुंबई-पुण्यात होती. कार्बन मोनॉक्साइडला तर वादळाचीही गरज नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर किंवा थंडीत खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडीही पुरते. अशी शंका येताच मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

आपल्याकडे मोटारींचे मंडळ नसेल. भजनी मंडळ असेल, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा असेल, वाचनालयातील ओळखी असतील. पुढच्या बैठकीत एक कागद घ्यावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन नावे लिहावीत. फोन लागला नाही तर कोणी जाऊन पाहायचे आणि किल्ली कोणाकडे आहे, तेही त्यावर असू द्यावे. खर्च काही नाही. फक्त त्या दोघांशी अधूनमधून बोलत राहावे लागते.

दादाला फोन करणारे ते गृहस्थ पुढे वार्धक्याने गेले. त्यांच्या यादीतील दोन नावे दादाने मागून घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मिल्टन’ वादळ आले, तेव्हा दादाने मस्टँग वेळेवर वाहनतळाच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली आणि वादळ ओसरताच चार घरी फोन केले. त्यानंतर मला केला.

“मी ठीक आहे,” तो म्हणाला, आणि मी विचारण्याआधीच पुढे म्हणाला, “जनरेटर अंगणात आहे. गोळ्या एकोणीस दिवसांच्या आहेत.”