कास पठाराचा धडा : फुले, गुरे आणि प्रवासी

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर कासचे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर. तेथे नांगर चालत नाही. तथापि पावसाळा सरत आला म्हणजे तेरडा, सीतेची आसवे व गेंद यांच्या फुलांनी हीच भूमी झाकून जाते. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत या पठाराची गणना झाली.

कीर्तीबरोबर गर्दी आली. पायांखाली माती दडपली की पाणी मुरत नाही, बी रुजत नाही. म्हणून वनखाते व आसपासच्या गावांच्या समितीने हंगामात दिवसाला ३,००० प्रवाशांची मर्यादा घातली आणि प्रवेशशुल्क ठेवले. गावच्या तरुणांना वाटाड्याचे व राखणीचे काम मिळाले. ही व्यवस्था योग्यच होय.

मात्र फुलांच्या रक्षणासाठी पठाराला तारेचे कुंपण घालून चराई बंद करण्यात आली, तो उपाय उलटण्याचा संभव होता. गुरे गेली की उंच गवत माजते, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही व शेणखतही थांबते, असे कित्येक अभ्यासकांनी बजावले. पुढे ते कुंपण काढावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्यास दूर सारून भूमी राखली जात नाही, हाच यातील धडा.

याचा अर्थ मोकाट चराई असावी, असा नव्हे. गुरे बेसुमार झाली तर माथा उघडा पडेल आणि पावसाबरोबर माती वाहून जाईल. ज्यास हक्क हवा, त्याने मर्यादाही पाळली पाहिजे.

ग्रामसेवकांनी हा विचार आपापल्या गायरानास व वनास लावून पाहावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समितीची तरतूद केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार मान्य केला आहे. तेव्हा ग्रामसभेपुढे तीन प्रश्न ठेवावेत : गुरे किती व केव्हा चारावीत? बाहेरचा माणूस कोठवर यावा? आलेला पैसा कोणत्या कामी लागावा? ही उत्तरे गावाने स्वतः दिली, तर गायरानाची राखणही गावच करील.