मागावरचे पीक

दिवाळीला लक्ष्मी रस्त्यावर कापड घेताना आपण पोत पाहतो, रंग पाहतो, भाव करतो. ते विणले कुठे हे मात्र कोणी विचारीत नाही. पॉपलीन किंवा धोतर असेल तर ते इचलकरंजीचे असणे अगदी संभवनीय.

पुणेकरांशी या गावाची सोयरीक जुनी. पहिल्या बाजीरावांच्या भगिनी अनुबाई तिथल्या घोरपड्यांकडे दिलेल्या. पण मुलूख काही कापसाचा नव्हे, आणि आगगाडीने जायचे तर हातकणंगल्याला उतरावे लागते. अशा ठिकाणी १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिले. एकाचे पाहून दुसऱ्याने माग घेतला, आणि होता होता गावात व परिसरात मागांची संख्या लाखावर गेली!

अमेरिकेतले लोवेल याच्या अगदी उलट. १८२० नंतर बोस्टनच्या धनिकांनी नदीकाठी तिथे गिरण्या उभारल्या. गिरणी कंपनीची, मुलींचे वसतिगृहही कंपनीचे. पुढे विसाव्या शतकात धंदा दक्षिणेकडे सरकला आणि गावाला उतरती कळा लागली. इचलकरंजीत असा एक शेठ नाही. घरामागच्या शेडमध्ये आठ-बारा माग टाकलेले छोटे मालक तिथे हजारांनी. तेव्हा गाव स्वतःचा धनी, असे आपण म्हणून टाकू.

पण यातले पुष्कळसे मालक 'खर्चीवाले'. सूत व्यापाऱ्याचे, तयार कापडही व्यापाऱ्याचे. यांना मिळते ती विणण्याची मजुरी, आणि ती 'पिका'वर. हे पीक शेतातले नव्हे बरे का! धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला गेला की आडवा धागा पडतो, ते एक पीक. इंचात किती पिके, त्यावर मीटरची मजुरी ठरते. तीही पैशांत! त्यातूनच वीजबिल, जॉबर, कांडी भरणाऱ्या बाया आणि बारा-बारा तास चार-सहा माग सांभाळणारा कामगार, सगळे भागवायचे. कामगाराची मजुरीही बहुधा मीटरवरच. माग थांबला की दोघांचीही चूल थंडावते.

१९८२ साली मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या मागांना कामाचा पूर आला. मुंबईच्या कामगाराची भाकरी गेली आणि इथल्याला रात्रपाळी मिळाली. हा हिशेब मला कधी सुखाचा वाटला नाही.

आता धोटाच नसलेले वेगवान माग आले आहेत. ज्याच्याजवळ भांडवल, तो ते घेतो. जुन्या मागाच्या खर्चीवाल्याला मंदीत व्यापारी सूत धाडीत नाही, पण बँकेचा हप्ता काही चुकत नाही. मग एके दिवशी शेडच्या दाराशी भंगारवाल्याचा टेंपो लागतो आणि माग किलोच्या भावाने जातो.